शाळेत एक तरी आपले माणूस

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि विहारातल्या अभ्यासिकेत आम्ही पालकांची एक बैठक घेतली. विषय ठरला होता किशोरवयीन मुलांमधल्या रक्तक्षयाचा. हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे एवढे सांगायचे आणि चहा घेऊन उठायचे, असा साधा बेत होता. पण मागे बसलेल्या एक ताई मध्येच म्हणाल्या, "गोळ्या खाईल हो पोरगा. पण शाळेतून आला की भिंतीकडं तोंड करून पडून राहतो. त्याला काय द्यायचं?"

त्यानंतर रक्तक्षय बाजूलाच राहिला. एकेक जण बोलू लागला. कुणाची मुलगी परीक्षेच्या आदल्या रात्री उलट्या करते, कुणाचा मुलगा दप्तर घेऊन निघतो पण शाळेत पोचतच नाही, कुणाचा दहावीत एका विषयात राहिला तेव्हापासून घरात शब्द बोलत नाही. ऐकता ऐकता आमच्या एक गोष्ट ध्यानात आली. जवळजवळ प्रत्येकाच्या बोलण्यात कुठे ना कुठे एक शिक्षक येत होता. काहींचे मूल एखाद्या सरांच्या बोलण्याने मोडले होते, तर काहींचे एखाद्या बाईंमुळे सावरले होते. औषध, डॉक्टर, समुपदेशक यांचे नाव मात्र कुणीच घेतले नाही. म्हणून या अंकाचे आरोग्यपान आम्ही याच विषयाला देत आहोत. रक्तक्षयाबद्दल पुढच्या अंकात लिहू.

आधी मनाची उभारी म्हणजे काय ते बोलून घेऊ, कारण या शब्दावरून घराघरांत गैरसमज आहेत. "मन घट्ट कर", "रडतोस काय पोरीसारखा", "आम्ही नाही का सोसलं" असे आपण मुलांना सहज बोलून जातो. सोसणे म्हणजे उभारी नाही. ताप कुणालाही येतो. ताप उतरल्यावर अंगात पुन्हा ताकद येते की नाही, यावरून प्रकृती कळते. मनाचेही तसेच आहे. नापास होणे, घरातले भांडण, बापाचे दारू पिणे, जातीवरून टोमणा, झोपडी तुटणे, हे सगळे आपल्या वस्तीतल्या मुलांच्या वाट्याला येते. त्याने मूल खचणारच. खचल्यावर ते पुन्हा जेवू-खाऊ लागते का, झोपते का, मित्रांत जाते का, पुस्तक उघडते का, ते पाहायचे. ही ताकद कुणी आईच्या पोटातून घेऊन येत नाही. ती आजूबाजूच्या माणसांमुळे तयार होते आणि माणसे नसली तर आटते.

बैठकीत ऐकलेली एक हकिगत सांगतो. मुलाचे आणि शाळेचे नाव देत नाही.

वडील बिगारी काम करायचे. परांचीवरून पडले, कमरेला मार लागला, सहा महिने अंथरुणावर. आई चार घरची धुणीभांडी करते. मुलगा नववीत. घरात पैसा हवा म्हणून तो पहाटे साडेचारला उठून पेपरच्या लाईनवर जाऊ लागला. पेपर टाकून घरी येईपर्यंत शाळेचा पहिला तास अर्धा झालेला असायचा. वर्गशिक्षक उशिरा येणाऱ्यांना दाराबाहेर उभे करायचे. रोज दाराबाहेर उभे राहणाऱ्या मुलाकडे वर्ग कसा बघतो, ते वेगळे सांगायला नको. पंधरा-वीस दिवसांनी त्याने शाळाच सोडली, पण घरी सांगितले नाही. दप्तर घेऊन निघायचा, मैदानाच्या कडेला बसून राहायचा आणि शाळा सुटायच्या वेळी घरी यायचा.

विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी त्याला एका दुपारी तिथे बसलेला पाहिला. शाळेत का आला नाहीस, असे त्यांनी विचारले नाही. जेवलास का, असे विचारले. तो काही बोलला नाही. बाई म्हणाल्या, "उद्या ये. पहिल्या तासाला नाही जमलं तर दुसऱ्याला ये. मी वर्गशिक्षकांशी बोलते." आणि त्या खरेच बोलल्या. बुडणारा तास गणिताचा होता, म्हणून गणिताच्या सरांना गाठून मंगळवारी आणि शुक्रवारी मधल्या सुट्टीतली वीस मिनिटे त्याच्यासाठी मागून घेतली. पहिल्या घटक चाचणीत तो गणितात नापासच झाला. पेपर देताना बाईंनी त्याला जवळ बसवले आणि कोणत्या तीन उदाहरणांत रीत बरोबर होती, फक्त आकडेमोड चुकली होती, ते दाखवले.

दहावीला त्याला ५८ टक्के मिळाले. पेपरात फोटो यावा असे हे यश नाही, पण आज तो आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा कोर्स करतो. त्याची आई म्हणाली ते आमच्या मनात राहिले आहे : "बाईंनी पैसा दिला नाही आणि माझ्या पोराला बिचारा पण म्हणाल्या नाहीत. फक्त उद्या ये म्हणाल्या."

यात बाईंनी काही समुपदेशनाचे शास्त्र वापरले नव्हते. मुलाच्या वाटेत नेमका धोंडा कोणता ते त्यांनी पाहिले आणि तेवढा एक हलवला. आमच्या मते त्यांचे खरे काम दुसऱ्या शिक्षकांशी बोलण्याचे होते. मुलाला एकट्याने धीर देणारे शिक्षक पुष्कळ भेटतात. त्याच्यासाठी स्टाफरूममध्ये तोंड उघडणारे कमी.

अशा एका माणसाने खरेच एवढा फरक पडतो का? यावर जगात झालेले सर्वांत गाजलेले काम हवाई बेटांपैकी कवाई नावाच्या एका लहान बेटावरचे आहे. तिथल्या उसाच्या मळ्यांवर राबायला आशियातल्या देशांतून मजूर आणले गेले होते. बेटावरची बरीच कुटुंबे त्यांच्या वंशातली. १९५५ साली त्या बेटावर जन्मलेल्या ६९८ मुलांवर एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्ष ठेवले आणि ती मुले चाळिशीला पोचेपर्यंत वेळोवेळी त्यांना भेटत राहिले. ज्यांच्या घरी गरिबी, आजारपण, दारू, भांडणे अशा अनेक अडचणी एकदम होत्या, त्या मुलांपैकी बहुतेकांना पुढे अडचणी आल्याच. पण अशा तीन मुलांतले जवळपास एक मूल मोठेपणी नीट काम करणारे, माणसे जपणारे, स्वतःवर विश्वास असणारे निघाले. या मुलांच्या आयुष्यात काय वेगळे होते, ते शोधले तेव्हा असे दिसले की त्यांना घरात किंवा घराबाहेर किमान एक तरी मोठे माणूस असे मिळाले होते, जे त्यांना धरून राहिले. कुणाची आजी, कुणाची मावशी, कुणाचे शेजारी. घराबाहेरच्या माणसांत शिक्षकाचे नाव वारंवार आले. नुसते विषय शिकवणारे शिक्षक नव्हेत. ज्यांच्याजवळ मन मोकळे करता येत होते आणि ज्यांच्यासारखे व्हावेसे वाटत होते, असे शिक्षक.

हे शरीरातही घडते. भीती किंवा अपमान झाला की शरीरात ताणाची रसायने वाढतात. छाती धडधडते, पोटात गोळा येतो, झोप उडते. धोका टळला की ती खाली यायला हवीत. ज्या मुलाचा धोका रोजचा असतो, त्याच्यात ती खाली यायला वेळच मिळत नाही. मग डोके दुखणे, चिडणे, वर्गात लक्ष न लागणे, पाठ केलेले ऐनवेळी न आठवणे सुरू होते. त्यात चौदा-पंधराचे वय. रागलोभ उसळवणारा मेंदूचा भाग या वयात जोरात असतो आणि त्याला आवर घालणारा, पुढचा विचार करणारा कपाळामागचा भाग वयाच्या पंचविशीच्या आसपासपर्यंत घडतच असतो. म्हणून या वयात मुलाला बाहेरून कुणाचा तरी शांत आवाज लागतो. घरात आईबाप दिवसभर राबून दमलेले असतात. शाळेत मूल पाच-सहा तास असते. त्या वेळात एक जरी माणूस असे असेल की ज्याच्यासमोर मुलाच्या छातीतली धडधड कमी होते, तर शरीराला तेवढा विसावा मिळतो. रोज मिळणाऱ्या विसाव्याची किंमत मोठी असते.

आपल्या वाचकांना हे नवे वाटू नये. साताऱ्याच्या शाळेत भिमराव नावाच्या मुलाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपाई नसला तर पाण्यावाचून राहावे लागे, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे मुंबईत चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचत बसणाऱ्या त्या मुलाला एका शिक्षकाने हेरले. ते कृष्णाजी अर्जुन केळुसकर, विल्सन हायस्कूलमधले. भिमराव त्यांच्या शाळेतला विद्यार्थी नव्हता, त्यांच्या जातीचाही नव्हता. तरी ते विचारपूस करत राहिले, पुस्तके देत राहिले. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, तेव्हा झालेल्या सत्काराच्या सभेत केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे कॉलेजच्या खर्चाची अडचण आली, तेव्हा हेच केळुसकर सयाजीराव महाराजांकडे गेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

बाबासाहेबांची बुद्धी, जिद्द आणि सुभेदार रामजींचे कष्ट यांचे श्रेय आम्ही कुणा शिक्षकाच्या पदरात टाकत नाही. पण केळुसकर गुरुजींनी काय केले ते नीट पाहा. त्यांनी मुलाला पाहिले, त्याच्या आवडीचे त्याच्या हाती दिले, चारचौघांत त्याचा मान केला आणि अडले तेव्हा वरच्या माणसाकडे जाऊन शब्द टाकला. परांचीवरून पडलेल्या बापाच्या मुलासाठी त्या विज्ञानाच्या बाईंनी केले, ते याच जातकुळीचे काम आहे.

आता थोडे कडू बोलायला हवे. आपल्या मुलांना शाळेत दोन प्रकारची माणसे मोडतात. एक उघड अपमान करणारी, ती लगेच ओळखू येतात. दुसरी गोड बोलणारी असतात : "यांच्याकडून एवढंच होणार. पस्तीस मिळाले तरी पुष्कळ झालं." अशा शिक्षकांचा आपल्याला रागही येत नाही, उलट बरेच पालक त्यांना मायाळू म्हणतात. आम्हाला मात्र हे दुसरे नुकसान जास्त खोल वाटते. मुलाला दया लगेच कळते, आणि दयेतून त्याला एवढेच समजते की आपल्याकडून कुणाला काही अपेक्षा नाही.

याबद्दल अमेरिकेत झालेला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. सातवीतल्या मुलांना आपल्या आवडत्या आदर्श व्यक्तीवर निबंध लिहायला सांगितला. शिक्षकांनी निबंध तपासले, चुका आणि सूचना लिहिल्या. परत देताना प्रत्येक निबंधाला एक चिठ्ठी जोडली होती. निम्म्या मुलांच्या चिठ्ठीत साधे लिहिले होते की तुम्हाला तुमच्या निबंधाबद्दल कळावे म्हणून या सूचना दिल्या आहेत. उरलेल्यांच्या चिठ्ठीत लिहिले होते की माझी तुमच्याकडून मोठी अपेक्षा आहे आणि तुम्ही ती पुरी करू शकाल हे मला माहीत आहे, म्हणून या सूचना दिल्या आहेत. मग सांगितले, हवे तर निबंध सुधारून पुन्हा द्या. काळ्या विद्यार्थ्यांमध्ये साधी चिठ्ठी मिळालेल्यांपैकी पाचातल्या एकानेही निबंध पुन्हा लिहिला नाही. अपेक्षेची चिठ्ठी मिळालेल्यांत दहापैकी सातांनी लिहिला. वर्षानुवर्षे ज्यांना कमी लेखले गेले, त्या मुलांना लाल शाईची खूण दिसली की मनात प्रश्न येतो : हे मला सुधारायला आहे की माझी लायकी दाखवायला? एका ओळीने त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. जातीचा टोमणा ऐकलेल्या आपल्या मुलाच्या मनात वेगळे काही चालत असेल, असे आम्हाला वाटत नाही.

उघड अपमानाचे एक उदाहरण आमच्याच वस्तीतले आहे. आठवीतली मुलगी, अभ्यासात बरी. दर काही दिवसांनी सकाळी तिच्या पोटात दुखायचे. दवाखान्यात दोनदा नेले, लघवी तपासली, सोनोग्राफी केली, काही निघाले नाही. डॉक्टरांनी शेवटी आईला बाहेर पाठवून मुलीशी एकटीशी बोलून पाहिले. वर्गात शिष्यवृत्तीच्या फॉर्मचे काम निघाले की मॅडम जातीचे नाव घेऊन "अमुक जातवाले उभे राहा" म्हणायच्या. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी हसत म्हणाले, फुकटवाले. तेव्हापासून ज्या दिवशी कागदपत्रांचे काम असेल असे वाटे, त्या दिवशी तिचे पोट दुखायचे. ती नाटक करत नव्हती. दुखणे खरेच होते, फक्त त्याचे मूळ पोटात नव्हते.

आईने महिला मंडळातल्या दोघींना बरोबर घेतले आणि मुख्याध्यापकांची भेट घेतली. भांडायला गेल्या नव्हत्या. एकच मागणी होती, की फॉर्म वर्गात जाहीर न करता ऑफिसातून पालकांना बोलावून द्यावेत. मुख्याध्यापक म्हणाले, हे आमच्या डोक्यातच आले नव्हते. आम्हाला हे उत्तर फारसे पटले नाही, पण पुढच्या वेळेपासून फॉर्म ऑफिसातून मिळू लागले. मुलीचे पोट दुखणे हळूहळू कमी झाले. दोन-तीन महिने लागले.

हे सांगण्याचे कारण असे की मुलाला उभारी द्यायची तर एका चांगल्या शिक्षकावर सगळे टाकून भागत नाही. याचा पुरावा आपल्याच देशात आहे. गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेने बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी शाळांत नववीच्या १३ हजारांहून अधिक मुलांबरोबर एक मोठा प्रयोग केला. नालंदा म्हटले की आपल्याला जुने विद्यापीठ आठवते. त्याच मातीतली ही गोष्ट. काही शाळांत बाहेरून एक प्रशिक्षित माणूस नेमला. तो डॉक्टर नव्हता, मानसशास्त्राचा पदवीधरही नव्हता. प्रार्थनेच्या वेळी मुलांशी बोलणे, भित्तिपत्रक चालवणे, मुलांनी आपली अडचण लिहून टाकावी म्हणून पेटी ठेवणे, ज्यांना हवे त्यांच्याशी एकट्याने बोलणे, ही त्याची कामे. काही शाळांत हेच काम शाळेतल्या एका शिक्षकाला प्रशिक्षण देऊन सोपवले. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले. पहिल्या प्रकारच्या शाळांत वातावरण सुधारले, मुलांमधली उदासी आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत मात्र काहीच फरक दिसला नाही.

हा निकाल वाचून आम्ही थोडे हिरमुसलो, खोटे कशाला बोलू. पण विचार केला तर उलगडा होतो. आपल्याकडच्या शिक्षकाकडे साठ-सत्तर मुलांचा वर्ग असतो, वर निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाईन माहिती भरणे. शिवाय जो माणूस मार्क देतो आणि शिक्षा करतो, त्याच्याजवळ मन मोकळे करायला मूल कचरते. अशा शिक्षकाच्या डोक्यावर आणखी एक योजना ठेवली तर ती कागदावरच राहणार. शिक्षकाचा आधार खरा असतो, पण तो आदेशाने येत नाही. त्याला वेळ लागतो, मुख्याध्यापकाची साथ लागते आणि शाळेत मूल घाबरणार नाही असे वातावरण लागते. बाहेरचा समुपदेशक मिळाला तर तोही हवाच. ती मागणी आपण सोडू नये.

मग पालकांनी काय करायचे? आमचे पहिले सांगणे असे की तक्रार नसताना शाळेत जा. आपण शाळेत जातो ते बोलावणे आल्यावर, म्हणजे काही बिघडल्यावर. शिक्षकाला मुलाचे घर माहीत नसते. बाप आजारी आहे, मूल पहाटे कामाला जाते, घरात अभ्यासाला जागा नाही, एवढे जरी त्यांच्या कानावर असले तरी उशिरा येणारे मूल त्यांना आळशी वाटत नाही. सांगायला लाज वाटते, हे आम्हाला माहीत आहे. मजुरी बुडते, हेही. सुट्टीच्या वारी जमत नसेल तर फोनवर बोला, वहीत चिठ्ठी द्या. लिहिता येत नसेल तर अभ्यासिकेतल्या ताई-दादांकडून लिहून घ्या.

मुलाला "आज काय शिकवलं" विचारण्यापेक्षा एकदा हे विचारून पाहा : शाळेत तुला कुठले सर किंवा बाई बऱ्या वाटतात? उत्तर कधी अनपेक्षित येते. ग्रंथपाल, पी.टी.चे सर, प्रयोगशाळेतले काका, शालेय पोषण आहाराची खिचडी वाढणाऱ्या मावशी, कुणीही असू शकते. त्या माणसाला जाऊन भेटा. आभार माना आणि मुलाकडे जरा लक्ष ठेवा म्हणून सांगा. असे सांगितलेले माणसे विसरत नाहीत. आणि मूल म्हणाले की कुणीच नाही, तर ते उत्तरही गंभीरपणे घ्या.

शाळेतली शिक्षा सहन करायची नसते, हेही माहीत असू द्या. मुलाला मारणे आणि मानसिक छळ करणे या दोन्हींना शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने बंदी आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. विनाअनुदानित खासगी शाळा सोडल्या तर ही समिती असायलाच हवी. आपल्या किती पालकांना तिच्या बैठकीची तारीख माहीत असते? बैठकीत हात वर केल्यावर सगळ्यांनी विचारले. कुणालाच नव्हती; आमच्यातल्या एकाचा मुलगा त्याच शाळेत आहे, त्यालाही नव्हती.

काही वेळा शिक्षकाच्या आणि घराच्या आधाराने भागत नाही, तिथे उशीर करू नये. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-जेवण बिघडलेले असेल, मूल मित्रांना टाळत असेल, आवडीच्या गोष्टीतही मन रमत नसेल, हातावर ब्लेडच्या खुणा दिसल्या किंवा "मी नसलेलो बरा" असे बोलले, तर त्याला जवळ घ्या आणि लगेच मदत मागा. असे बोलणारे मूल नाटक करते, असे समजू नका. त्याला एकटे सोडू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. मुलावर कुठलाही अत्याचार होत असेल तर १०९८ वर फोन करावा. सरकारी रुग्णालयात किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक असते, तिथे १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना केसपेपर काढून समुपदेशन मिळते. अंगात आले, बाहेरचे लागले म्हणून गंडेदोरे करण्यात महिने घालवू नका. बाबासाहेबांनी आपल्याला त्यातून बाहेर काढले आहे.

शिक्षक वाचकांनाही एक विनंती. आपल्या समाजातले बरेच जण आज शिक्षक आहेत, आणि हे मासिक त्यांच्याही घरी जाते. तुमच्या वर्गात तुमच्याच वस्तीतून आलेले मूल असेल. त्याच्यावर जास्त कडक होण्याचा मोह होतो, कारण ते चुकले की आपलीच मान खाली जाते असे वाटते. आम्ही स्वतः शिकवण्या घेताना हे केले आहे. त्या मुलाला मात्र तुमच्यात आपले माणूस हवे असते.

बैठकीच्या सुरुवातीला बोलल्या होत्या त्या ताई परवा पुन्हा भेटल्या. त्यांनी मुलाला विचारले होते. बराच वेळ तो बोलला नाही, मग म्हणाला, चित्रकलेचे सर. ताई शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेत गेल्या. सरांना त्या मुलाचे नाव पटकन आठवेना. चेहरा आठवल्यावर ते म्हणाले, वहीच्या मागच्या पानांवर पेनाने काढतो तोच ना, हात चांगला आहे त्याचा. घरी काही आहे, हे त्यांना माहीत नव्हते. आता शनिवारी शाळा सुटल्यावर ते त्याला अर्धा तास थांबवून घेतात. एलिमेंटरीच्या परीक्षेचा फॉर्म भरायला लावला आहे. रंगाची पेटी सरांचीच, ती शाळेत ठेवायची.

"भिंतीकडं तोंड करून अजून झोपतो," ताई म्हणाल्या, "पण रोज नाही."